सीटखालची डबी

इंजिनात हात घालणाऱ्या प्रत्येक पोराला एक गुपित ठाऊक असतं आणि ते तो आवाज उतरवून सांगतो: "कंपनीने गाडी मुद्दाम लीन ठेवलेली असते." लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी साहेब रात्री येऊन याच्या गाडीच्या तोंडचं पेट्रोल काढून घेऊन गेला.

पुण्यात हे गुपित सांगायचं म्हणजे जरा धाडसच आहे. वेताळ टेकडीवर 'एआरएआय' नावाची संस्था आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया हे तिचं पूर्ण नाव, स्थापना १९६६ ची. निम्मं कोथरूड सकाळी गुडघे सांभाळत ज्या टेकडीवर फिरायला जातं ती हीच. लोक तिला सरळ 'एआरएआयची टेकडी' म्हणतात. देशात विकायच्या गाड्यांचा धूर आणि आवाज तपासून दाखला देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. अशा तपासणीत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेळापत्रकाने पळवतात, तिचा धूर पिशव्यांत भरतात आणि दर किलोमीटरला अमुक इतके मिलिग्रॅम असा हिशेब मांडतात. त्यापायी कंपन्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं झोप मोडून घेतात. आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी, पौड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत, माझा भाचा राहतो. इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं जमवलेलं तो एका रविवारात निस्तरतो.

भाच्याकडे रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आहे. कंपनीने ही गाडी २०१८ साली भारतात आणली. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, ४७ घोड्यांची ताकद. तिच्यावर चेन्नईतल्या माणसांनी काम केलं, इंग्लंडात ब्रंटिंगथॉर्पला कंपनीचं तंत्रकेंद्र आहे तिथल्या माणसांनीही केलं. एवढ्या सगळ्यांच्या हातून जे राहून गेलं ते भाचा पुरं करणार होता. त्याने बी.कॉम. केलंय.

कंपनीची बाजू कुणीच मांडत नाही, म्हणून मी मांडतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. शाळेत पाढे न आलेली पोरंसुद्धा गॅरेजच्या कट्ट्यावर हा आकडा झोपेत सांगतात. इंजिनाला जोर हवा असेल तर हवा थोडी कमी, म्हणजे १३ च्या आसपास लागते. पण धूर साफ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळीत बसवलेला असतो तो स्वभावाने कडक. १४.७ पासून जरा इकडेतिकडे झालं की त्याचं काम बिघडतं. तेव्हा कंपनी नेहमीच्या चालीत गाडी १४.७ ला धरून ठेवते, आणि थ्रॉटल पूर्ण पिळला की तीच कंपनी निमूटपणे पेट्रोल वाढवते. यात कट कुठे आहे? पण कटाशिवाय भाच्याला चैन पडत नाही.

पूर्वी हा सगळा कारभार एका स्क्रू-ड्रायव्हरवर चालायचा. कार्बोरेटरच्या काळात मेस्त्री गाडीशेजारी उकिडवे बसायचे, मान वाकडी करायचे आणि एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडायचे. मग कान. डोळे मिटून ऐकायचं, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मालक बोलायला लागला तर हाताने गप्प करायचं. आरएक्स १०० सारखी गाडी असेल तर हा विधी पाहायला बघे जमत. काम झाल्यावर गल्लीतून एक चक्कर, परत येऊन प्लग खोलायचा आणि त्याचा रंग बघायचा. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, चहाच्या रंगाचा असेल तर पन्नास रुपये.

मग इंजेक्शन आलं. आपल्याकडे मोटारसायकलींत २००६ ची ग्लॅमर एफआय आणि २००७ ची पल्सर २२० ही त्यातली पहिली नावं. पल्सरची तर कथाच आहे. बजाजने तिला मोठ्या कौतुकाने इंजेक्शन दिलं आणि २००९ साली ते काढून पुन्हा कार्बोरेटर बसवला. गाडी स्वस्त झाली, ताकद घटायच्या ऐवजी थोडी वाढली आणि मग ती भरपूर खपली. मेस्त्री मंडळींनी ही बातमी एखाद्या निवडणुकीच्या निकालासारखी साजरी केली. त्यांचा आनंद फार टिकला नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांवरून उतरला. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू नावाचा सीलबंद कॉम्प्युटर ठरवतो. बाहेर ऊन किती, हवेचा दाब किती, इंजिन किती तापलंय, थ्रॉटल किती उघडलाय, सगळं तो सेकंदाला अनेकदा विचारतो. एक तुम्हाला विचारत नाही.

खरं दुखणं हे आहे. ताकदबिकद सगळी बोलायची गोष्ट. आपल्या गाडीच्या पोटात काय चाललंय त्यात आपला शब्द चालावा, एवढी साधी इच्छा असते. पूर्वी ती स्क्रू-ड्रायव्हरने भागायची. आता तीच भागवायला एका कॉम्प्युटरच्या डोक्यावर दुसरा कॉम्प्युटर बसवावा लागतो, आणि हा दुसरा पहिल्यासारखा गाडीच्या किमतीत येत नाही.

पण सुरुवात कॉम्प्युटरपासून होत नाही. सुरुवात सायलेन्सरपासून होते. भाच्याने पहिल्यांदा गाडीचे दोन्ही सायलेन्सर काढले आणि 'फ्री फ्लो' लावले. फ्री फ्लो म्हणजे आत फारसं काही नसलेली नळी, आणि त्या नसण्याचेच पैसे असतात. तोंडाशी 'डीबी किलर' नावाची एक छोटी जाळीदार नळी असते. आवाज मर्यादेत ठेवायचं काम तिचं. ही नळी मी आजवर अनेकांच्या खिशात, ड्रॉवरमध्ये आणि एकदा पेनस्टँड म्हणून टेबलावर पाहिली आहे. सायलेन्सरमध्ये क्वचितच.

१७५ सीसीच्या वरच्या गाडीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आवाज आणि धुराच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, वर तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही सोय आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला. वर्तमानपत्रात तो फोटो आला की भाचा हळहळतो. "मामा, तो तिसरा दिसतोय ना, टायटॅनियमचा आहे." कुणाचा कोण, पण चपटा झालेला सायलेन्सर ओळखण्याइतकी त्याची नजर तयार आहे.

मूळचे दोन सायलेन्सर ताईच्या जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली गेले. ते फेकायचे नसतात. सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री गाडी संन्यास घेते: फ्री फ्लो उतरतात, साडीतले सायलेन्सर चढतात आणि सकाळी वॉरंटीच्या दारात ती इतक्या साळसूद आवाजात उभी राहते की खुद्द भाच्याला ती परकी वाटते.

फ्री फ्लो लावला की थ्रॉटल सोडताच नळीत फटाके फुटायला लागतात. उतारावर थ्रॉटल बंद केला की न जळलेलं थोडं पेट्रोल तापलेल्या नळीत उतरतं, जोडांच्या फटींतून आत आलेली ताजी हवा त्याला भेटते आणि ते तिथेच पेट घेतं. काहींना हा आवाज फार आवडतो. सोसायटीतल्या आजोबांना आवडत नाही. भाच्याला मात्र त्यात आजाराचं लक्षण दिसलं. "लीन झाली मामा, बघ, म्हणत होतो ना." मग जास्त हवा घेणारा फिल्टर आला. फिल्टरने हवा वाढली, ती आणखी लीन झाली. लीन गाडी तापते, म्हणून आता पेट्रोल वाढवायला हवं. ते वाढवायला डबी हवी. माणूस स्वतः खड्डा खणून मग त्यात पडू नये म्हणून शिडी विकत घेतो, त्यातला हा प्रकार. शिडी पुन्हा परदेशी.

डब्यांचे प्रकार आहेत. डेन्मार्कमध्ये एक अगदी छोटी बनते. ती हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरला जोडायची. मग ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा २० अंशांनी थंड वाटते. थंड हवा दाट, म्हणून तो बिचारा पेट्रोल थोडं वाढवून देतो. म्हणजे मे महिन्यात पुण्याचा पारा ४० वर असताना गाडी मनाने महाबळेश्वरला असते. इतक्या कमी पैशात थंड हवेची सोय दुसऱ्या कुणी केली नसेल. बंगळूरमध्ये पॉवरट्रॉनिक नावाची बनते, ती पेट्रोलबरोबर ठिणगीची वेळसुद्धा बदलते. आणि अमेरिकेतल्या डायनोजेटची पॉवर कमांडर. ही कंपनी कधीकाळी कार्बोरेटरचे जेट विकायची. म्हणजे तीही मूळची आपल्या मेस्त्रींच्याच घराण्यातली, पुढे शिकली इतकंच.

भाच्याने अमेरिकन घेतली. एवढीशी काळी डबी, तिच्यातून वायरींचा झुबका. बसवणं सोपं असतं: इंजेक्टरचा कपलर सोडायचा, मध्ये डबीचा कपलर अडकवायचा, वायर कुठेही कापायची नाही. ईसीयू इंजेक्टरला सांगणार, अमुक इतके मिलिसेकंद उघड. डबी तो निरोप मध्येच पकडणार, त्यात आपलं थोडं घालणार आणि पुढे पाठवणार. सात हजार फेऱ्यांना इंजिनाचं एक पूर्ण चक्र १७ मिलिसेकंदांत आटपतं, तेवढ्यात हा निरोप्या आपलं काम करून मोकळा. आमच्या सोसायटीत एका घरातला निरोप दुसऱ्या घरात फिरून जातो तेव्हा त्यातही भर पडते, पण इतक्या वेगात नाही.

प्रश्न फक्त डबी ठेवायची कुठे हा होता. सीटखाली मूठभर जागा, आणि ती टूलकिटने अडवलेली. टूलकिट घरी आलं.

पहिले काही दिवस भाचा हवेत होता. पण गाडीत फरक पडला तरी कमी थ्रॉटलला काही जाणवेना. तो अस्वस्थ झाला. डबीत तर टक्के वाढवले होते, मग गेले कुठे? याचं उत्तर मला आमच्या आजोबांच्या आमटीत सापडलं.

आजोबा आमटीची पहिली पळी चाखायचे आणि फक्त दोनच शब्द बोलायचे: 'अळणी' किंवा 'खारट'. बरी झालीय असं त्यांनी कधी म्हटल्याचं घरात कुणाला आठवत नाही. गाडीच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर नेमका या स्वभावाचा. आकडा सांगत नाही. १४.७ च्या एका बाजूला 'पेट्रोल जास्त', दुसऱ्या बाजूला 'कमी', बस्स. तो 'कमी' म्हणाला की ईसीयू चिमूटभर वाढवतो, 'जास्त' म्हणाला की चिमूटभर काढतो, आणि या ये-जा करण्यातच आमटी जमून राहते. आता मध्ये भाच्याची डबी आली आणि कुणाला न सांगता मीठ टाकू लागली. आजोबा म्हणाले, खारट. ईसीयूने मीठ काढलं. डबीने पुन्हा टाकलं. ईसीयू तर यात पुढे शिकतोसुद्धा. हे रोजचंच आहे असं दिसलं की आधीच कमी टाकायला लागतो. म्हणजे हजारो रुपयांची डबी दिवसभर जे घालत होती ते फुकटातला ईसीयू दिवसभर काढत होता. दोघेही मान खाली घालून इमानदारीत काम करत होते.

याला उपाय आहे आणि तो ऐकून मी थक्क झालो. आजोबांनाच गप्प करायचं. सेन्सरचा कपलर काढतात आणि त्याजागी एक बुटकी टोपी लावतात. ही टोपी नळीतलं काही बघत नाही. ती ईसीयूला सारखं एकच कळवत राहते: आपल्या बाजूने सगळं ठीक चाललंय. खोटा साक्षीदार इतक्या उघडपणे खोक्यात, वॉरंटी कार्डासह विकायला मिळतो हे मला माहीत नव्हतं.

आता स्वयंपाकघर पूर्ण भाच्याच्या हातात आलं. मग मॅप. मॅप म्हणजे एक तक्ता. आडवा थ्रॉटल, खाली दर अडीचशे फेऱ्यांना एक ओळ, आणि प्रत्येक खान्यात एक आकडा: इथे पेट्रोल इतके टक्के वाढव, तिथे इतके कमी कर. खाने तीनशेच्या घरात. पोरं हे तक्ते एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. भाच्याकडे थायलंडमधल्या कुणाचा तरी एक आला होता. गाडी तीच, सायलेन्सर वेगळा, फिल्टर वेगळा, पेट्रोल वेगळं आणि समुद्रसपाटी. तो पुण्याच्या ५६० मीटरवर टाकल्यावर गाडी धक्के मारायला लागली. भाच्याने निष्कर्ष काढला की थाई लोकांना ट्यूनिंग येत नाही.

त्या तक्त्यात एक गंमत आहे. थ्रॉटलचे दहा स्तंभ: ०, २, ५, १०, १५, २०, मग एकदम ४०, ६०, ८०, १००. म्हणजे दहापैकी सहा स्तंभ पहिल्या २० टक्क्यांतच खर्ची पडलेत. डबी बनवणाऱ्यांनी नळ स्टॉपचा सिग्नल पाहिलेला नसेल, पण त्यांना माणूस कळतो. आमच्या भागात गाडीचं सगळं आयुष्य या सहा स्तंभांतच जातं. सातव्या स्तंभात पोचेपर्यंत पुढे मेट्रोचा खांब, रिक्षा किंवा दुसऱ्याचा विचार करत रस्ता ओलांडणारी काकू येते. आणि पहिला स्तंभ तर पीयूसीवाल्याचा. तो नळी घालतो ती गाडी उभी असताना, म्हणून जाणकार मंडळी तिथे हात लावत नाहीत.

पण सगळी हौस असते ती दहाव्या स्तंभाची. कारण ताकद मोजणाऱ्या डायनोवर छापून येतो तो दहावा.

डायनोचा दिवस मी पाहिला. शहराबाहेर एक शेड, मध्ये जमिनीत बसवलेला मोठा रोलर. मागचं चाक त्यावर, पुढचं लोखंडी चिमट्यात, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली. समोर गाडीपेक्षा मोठा पंखा, मागे नळीत खुपसलेला जाड पाइप. ट्यूनर तिशीचा, शांत, चष्म्याचा. भाचा त्याला 'सर' म्हणत होता, तसं तो त्याच्या कॉलेजातल्या सरांना कधी म्हणाला नसावा. सरांनी लॅपटॉप जोडला, तक्ता उघडला, दोन ओळी खाली गेले आणि थांबले.

"हे कुणी केलंय?"

जगातल्या कुठल्याही कारागिराचं हे पहिलं वाक्य असतं. भाच्याने थायलंडवर ढकललं.

मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सरांनी थ्रॉटल पूर्ण पिळला. शेडचे पत्रे थरथरले, कोपऱ्यातली मांजर बाहेर पळाली आणि रबराचा जळका वास पसरला. पडद्यावर एक रेघ चढत गेली. आकडा आला: ४० च्या आसपास. भाच्याचा चेहरा उतरला. "सर, ४७ ची आहे ना?" सरांनी समजावलं की ४७ इंजिनाच्या दांड्यावर, चाकापर्यंत येईतो गिअर, चेन आणि टायर आपापला वाटा घेतात. सरकारी योजनेचे पैसे लाभार्थ्यापर्यंत पोचण्याचाच हा नियम असल्याने मला ते लगेच कळलं.

त्यानंतर जे चाललं ते मात्र बघण्यासारखं होतं. सरांनी नळीत स्वतःचा एक सेन्सर बसवला होता. हा आजोबांसारखा नाही, हा १३.४, १३.१, १२.९ असा सरळ आकडा सांगतो. त्याला वाइडबँड म्हणतात. सर एक स्तंभ धरून ठेवायचे, पडद्यावर नजर, डाव्या हाताने खान्यात दोन टक्के वाढवायचे, पुन्हा पिळायचे. एका खान्यात ते बराच वेळ अडकले. साडेतीन हजार फेऱ्यांपाशी रेघेत एक खळगा होता तो काही केल्या भरेना. शेवटी त्यांनी पेट्रोल वाढवायच्या ऐवजी कमी केलं आणि खळगा गेला. भाचा बघतच राहिला. जिथे पेट्रोल कमी हवं अशीही एखादी जागा त्याच्या गाडीत असेल, हे त्याच्या धर्मात बसत नव्हतं. त्या क्षणी सरांचा चेहरा बघून मला जुने मेस्त्री आठवले. मान तशीच वाकडी. फक्त कानाच्या जागी लॅपटॉप.

शेवटचा आकडा ४२ आणि वर काही. दोन घोडे वाढले. सायलेन्सर, फिल्टर, डबी, टोपी आणि डायनो मिळून जेवढा खर्च झाला त्यात खरोखरीचा एक घोडा, निदान जेजुरीच्या यात्रेला जाण्याइतपत, मिळाला असता असं मी म्हटलं. भाच्याने ऐकलं नाही. तो कागदावरची निळी आणि लाल रेघ मोबाइलने टिपत होता. आधी आणि नंतर. तो फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. एका मावशीने 'रिपोर्ट नॉर्मल आहे ना?' असं विचारलं.

गाडी खरंच बरी झाली होती, हे कबूल करायला हवं. ताम्हिणीच्या चढावर ती पूर्वी कुरकुरायची, ते थांबलं. थ्रॉटल हलका झाला, फटाके जवळजवळ गेले. फक्त ॲव्हरेज पडला, पण त्याविषयी भाचा बोलत नाही. जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी लॅपटॉपचा कागद उलटा धरून पाहिला, बाजूला ठेवला आणि प्लग खोलला. चहाच्या रंगाचा होता. "कुणी केलंय?" हा प्रश्न इथेही आलाच, पण सूर वेगळा होता.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मध्ये ऊस आला.

२०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल उसापासून बनतं, मक्यापासून आणि तांदळापासूनही. पण आपल्याला इथेनॉल म्हटलं की कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या कारखान्यांच्या चिमण्याच दिसतात. या इथेनॉलला जळायला हवा कमी लागते: ग्रॅमला नऊच्या आसपास. त्यामुळे २० टक्के मिसळलं की १४.७ चा तो तोंडपाठ आकडा साधारण साडेतेरावर येतो. गॅरेजच्या कट्ट्यावर जन्मभर पाठ केलेला मंत्र साखर कारखान्यांनी बदलला. बैलगाडीत मोळ्या भरणाऱ्या माणसाला कल्पनाही नसेल की त्याने कोथरूडमधल्या एका मॅपचे तीनशे खाने चुकीचे ठरवले आहेत.

डायनोवर गाडी चढली तेव्हा टाकीत जुनं, कमी इथेनॉलचं पेट्रोल होतं. नव्या पेट्रोलवर तोच मॅप तीन-चार टक्के लीन निघाला. या खेपेस कंपनीने ठेवली नव्हती, भाच्याने स्वतः ठेवली होती. आणि शेजारच्या घरातली तीच गाडी, हात न लावलेली, निवांत चालत होती. कारण तिच्या नळीत आजोबा जागे होते. पेट्रोल बदलताच ते म्हणाले, अळणी. ईसीयूने चिमूटभर वाढवलं. मालकाला पत्ताही लागला नाही. आमच्या गाडीत आजोबांच्या जागी टोपी होती, आणि टोपी म्हणत होती, सगळं ठीक चाललंय.

भाच्याने सरांना फोन लावला. सरांकडे याचंही उत्तर होतं. आकडा सांगणारा तो वाइडबँड सेन्सर कायमचा नळीत बसवायचा आणि त्याच्या जोडीला आणखी एक डबी घ्यायची. ती पहिल्या डबीला चालता चालता दुरुस्त करत जाते. म्हणजे ईसीयूला सुधारणारी डबी आणि डबीला सुधारणारी डबी. इंटरसेप्टरला दोन सिलिंडर आहेत, तेव्हा सेन्सर दोन लागतील असंही सर म्हणाले.

त्या रात्री ताईकडे जेवायला होतो. भाचा सीट काढून मोबाइलच्या उजेडात जागा मोजत होता. टूलकिट आधीच घरी आलेलं, कागदपत्रांची पिशवी कधीच बाहेर पडलेली, आता बॅटरीच्या बाजूला बोटभर फट तेवढी उरली होती. वर येऊन तो म्हणाला, "मामा, नवी डबी ठेवायला जागाच नाहीये."

ताई पोळ्या लाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जागेचं मला सांगू नकोस. पलंगाखाली गव्हाचा डबा जात नाहीये माझा. ते साडीतले दोन पाइप आधी गाडीला परत लाव, आणि तुझ्या त्या डब्याबिब्या सगळ्या काढून ठेव तिथे. त्या लहान तरी आहेत."

भाच्याने यावर पुढच्या महिन्यातली डायनोची तारीख घेतली.